उत्तर न घेणाऱ्यांचे मेल

हसनाबादला आमच्या गल्लीत कुणी ऑनलाइन फॉर्म भरायला बसलं की ई-मेलच्या रकान्याशी येऊन हात थांबायचा आणि ठरलेलं वाक्य निघायचं, "मेल त्याचा टाक." तो म्हणजे मी. तसे मेल सगळ्यांकडे होते. फोन घेताना दुकानदारानं प्रत्येकाला एकेक काढून दिला होता. पण त्याचा पासवर्ड दुकानदारालाही आठवत नव्हता आणि तो मेल उघडायचा कसा हे कुणी विचारलं नव्हतं. मी जालन्याला कॉलेजात शिकत होतो, रोज मेल बघत होतो आणि आलेला निरोप त्याच दिवशी ज्याच्या त्याच्या दारात पोचवत होतो. एखाद्याच्या दारातला नळ जसा हळूहळू सगळ्या गल्लीचा होतो, तसा माझा मेल गल्लीचा झाला. अकरा जणांच्या अर्जांवर तो होता. मला त्याचा अभिमान होता आणि तो मी लपवत नव्हतो.

मी पत्रकांवर वाढलो. हे शब्दशः खरं आहे. वडील गवंडीकाम करायचे आणि बाजाराच्या दिवशी सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून चळवळीची पत्रकं वाटायचे. वसतिगृहासाठी, स्मशानाच्या जागेसाठी, बुद्धविहाराच्या रस्त्यासाठी. उरलेली पत्रकं घरी यायची. त्यांची मागची बाजू कोरी असायची, म्हणून माझी सातवीपर्यंतची सगळी गणितं गुलाबी आणि पिवळ्या पत्रकांच्या पाठीवर सोडवलेली आहेत. पुढच्या बाजूवर मी वाचायला शिकलो. वडिलांनी मला अक्षरांच्या आधी एक गोष्ट शिकवली. पत्रक हातात आलं की आधी खाली बघायचं. खाली नाव आणि पत्ता असेल तर वाचायचं, पटलं नाही तर त्या पत्त्यावर जाऊन भांडायचं. नाव-पत्ता नसेल तर फाडून टाकायचं. "जो बोलतो आन् उत्तर घेत न्हाई," ते म्हणायचे, "त्याचं ऐकायचंच न्हाई." हे मी मनापासून मानलं. आजही मानतो.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला समोरच्या घरातली मुलगी आमच्या दारात आली. त्यांच्या घरात उर्दू बोलतात, तिच्या आईला मी खाला म्हणतो आणि ती मला भैया म्हणते. तिचे वडील ट्रकवर असतात, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावरच. ती बारावी झाली होती आणि नर्सिंगच्या प्रवेशासाठी तिनं अर्ज केला होता. पायऱ्यांवरूनच तिनं विचारलं,

"भैया, माझा मेल आलाय का?"

"कोणता?"

"अब्बांच्या मोबाइलवर परवा मेसेज आल्ता. त्यांनी आत्ता फोन करून सांगितलं. माझ्या अर्जात काही तरी त्रुटी हाय म्हणे. काय त्रुटी हाय ते मेलवर पाठवलंय. आज पाचच्या आत दुरुस्त करायचं, न्हाईतर अर्ज बाद."

मी तिथंच फोन उघडला. इनबॉक्समध्ये नव्हता. तिचं नाव टाकून शोधलं, नर्सिंग हा शब्द टाकून शोधलं, अर्जाचा नंबर टाकून शोधलं. काही नाही. स्पॅममध्ये बघितलं, तिथं लॉटरीवाले आणि कर्जवाले होते. जागा भरली असेल तर नवे मेल येत नाहीत, म्हणून तीही तपासली. निम्म्याहून जास्त रिकामी होती.

"कचऱ्यात बघितलं का?" तिनं विचारलं.

"मी काढलाच नाही, तर कचऱ्यात कशाला असेल?"

मी हे इतक्या ठामपणे बोललो की तिनं तो विषयच सोडला.

"त्यांनी पाठवलाच नाही," मी निकाल दिला. मला पुरावा लागत नव्हता. कार्यालयं काय करतात हे मी लहानपणापासून वाचत आलो होतो. मेल पाठवला असं नुसतं लिहायचं, मुदत संपवायची आणि पोरीचाच दोष दाखवून जागा रिकामी करायची. मी उंबऱ्यावर बसलो आणि फोनवर पत्रक लिहायला घेतलं. मथळा पहिल्या झटक्यात सुचला, "पाठवला म्हणता तो मेल गेला कुठे?" तीन परिच्छेद झाले. खाली माझं नाव, माझा पत्ता. गावातल्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मी ते टाकूनही दिलं.

तेवढ्यात खाला ओढणी सावरत आल्या. मी त्यांना पत्रक वाचून दाखवलं. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या,

"बेटा, पैले मेल ढूंडो. झगडा बाद में करो."

मुलगी हसली नाही. तिनं हातातली फाइल छातीशी धरली होती. दोन वर्षं तिनं आईला सांगितलं होतं की लग्नाचं नाव काढू नका, मला नर्स व्हायचंय, आणि आईनं सगळ्या नातेवाइकांसमोर तिची बाजू घेतली होती. आज पाच वाजता ती बाजू कोसळणार होती. हे मला माहीत होतं आणि म्हणूनच माझा राग एवढा चढला होता.

आम्ही बाजारगल्लीतल्या सेंटरवर गेलो. तिचा अर्ज तिथंच भरला होता. सेंटरवाला माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, गावातल्या निम्म्या लोकांचे दाखले त्याच्या हातून निघालेले. मला बघितलं की तो नेहमी एकच म्हणतो.

"या नेते. आज कुणाच्या विरोधात?"

"आज तुमच्या," मी म्हणालो. मला खरंच तसा संशय यायला लागला होता. अर्ज भरताना माझा मेल त्याच्या कॉम्प्युटरवर उघडायचा, आणि माझा पासवर्ड त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागं पेन्सिलनं लिहून ठेवला होता. दिवसभर शंभर माणसं त्या टेबलाशी बसतात. "माझे मेल इथून कुणीतरी काढून टाकतंय."

"तुझे मेल? अरे बाबा, हितं माझे सोताचे मेल वाचून न्हाई होत. तुझे कवा वाचू आन् कवा काढू?"

"मग जातात कुठं?"

"बस. बघू."

वाद घालण्यापेक्षा तपासणं त्याला जास्त आवडतं, हा त्याचा गुण मी मान्य केला पाहिजे. माझा मेल कुठकुठल्या यंत्रांवर उघडलेला आहे त्याची यादी त्यानं काढली. दोनच नावं होती, माझा फोन आणि आत्ता समोर असलेला त्याचा कॉम्प्युटर. त्याआधी त्याच्याकडून मेल उघडला होता त्याला दीड महिना झाला होता. मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर जातोय का तेही बघितलं. जात नव्हता. मी पासवर्ड बदलला आणि कॅलेंडरच्या मागचा खोडला.

"आता अर्जातच जाऊन बघू," तो म्हणाला. "पोरगी, तुझा पासवर्ड?"

"तुम्हीच बनवला होता, अंकल. चिठ्ठीवर लिहून दिल्ता. ती चिठ्ठी अब्बांच्या कागदांत असेल."

"मंग नवीन घेऊ." त्यानं पासवर्ड विसरलो हे बटण दाबलं. पडद्यावर आलं, की नवीन पासवर्डची लिंक तुमच्या नोंदवलेल्या ई-मेलवर पाठवली आहे. आम्ही तिघं माझ्या इनबॉक्सकडे बघत बसलो. काही आलं नाही. त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा पाठवली. पुन्हा काही नाही.

"बघितलं?" मी उठून उभा राहिलो. "खोटं बोलतात! आपल्या डोळ्यांदेखत खोटं बोलतात. मी तर पत्रकात हेच लिहिलंय."

"नेते, बसा खाली. शेजारच्या चहावाल्याला वाटंल मीच काही केलं."

त्यानं स्वतःच्या मेलवरून मला एक मेल पाठवला. त्यात फक्त "चहा घेता का" एवढंच लिहिलं होतं. दोन सेकंदांत आला. मी कॉलेजातल्या मित्राला फोन करून एक पाठवायला सांगितला. तोही आला. मग तिसऱ्यांदा पासवर्डची लिंक मागवली. नाही आली. सेंटरवाल्यानं कपाळ खाजवलं. चौथ्यांदा दाबायला गेला तर पडदा म्हणाला, फार वेळा प्रयत्न झाले, एक तासानं या.

एक तास. घड्याळात बारा वाजून गेले होते.

मुलगी इतका वेळ आमच्या दोघांच्या मागं उभी होती. ती पुढं वाकली आणि इनबॉक्सची यादी वरून खाली बघत गेली. मग तिनं मला खाली सरकवायला सांगितलं. मी सरकवत गेलो. मित्राचा, प्राध्यापकांचा, एका मासिकाच्या संपादकाचा, पुन्हा मित्राचा.

"भैया," ती म्हणाली, "तुमच्याकडं माणसांचे मेल येतात. मशीनचे येत न्हाईत."

मला पहिल्यांदा तिचं म्हणणं कळलंच नाही. मग कळलं.

सव्वा वर्षापूर्वीची एक दुपार मला आठवली. कॉलेजच्या वाचनालयात बसून मी मेल चाळत होतो. प्रत्येक दुसऱ्या मेलच्या खाली एकच वाक्य होतं, की या मेलला उत्तर देऊ नका, हा पत्ता उत्तरं स्वीकारत नाही. पत्त्यातच नो-रिप्लाय लिहिलेलं. एका मेलनं मला माझ्याच तक्रारीबद्दल कळवलं होतं की तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे, आणि त्यालाही उत्तर द्यायची सोय नव्हती. मी पेटलो. आपलं म्हणणं आपल्या माथी मारायचं आणि आपलं एक अक्षर ऐकून घ्यायचं नाही, ही कुठली रीत? मी सेटिंगमध्ये गेलो आणि नियम लावला, की ज्याच्या पत्त्यात नो-रिप्लाय आहे तो मेल आल्या आल्या कचऱ्यात जावा. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. मग इनबॉक्स स्वच्छ राहायला लागला आणि नियम लावल्याचं मी विसरून गेलो. गल्लीतले लोक मध्येमध्ये विचारायचे, काही आलं का रे? मी म्हणायचो, अजून नाही. कार्यालयं कशी असतात ते तुम्हाला माहीतच आहे.

"सेटिंग उघडा," मी सेंटरवाल्याला म्हणालो. "फिल्टर."

उघडलं. एकच नियम होता. त्यानं तो दोनदा वाचला आणि खुर्ची माझ्याकडं वळवली.

"म्हंजे नेते, तुम्ही सरकारलाच बंदी घातली?"

"मी लावला होता तो नियम."

"आन् आम्ही सकाळपासून चोर हुडकून राह्यलो!"

मी मुलीकडं बघितलं. तिनं सकाळी दारातच कचऱ्याचं विचारलं होतं. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं फक्त घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाली, "कचरा उघडा, भैया. लवकर."

कचऱ्यात तीस दिवसांचे मेल राहतात, त्याआधीचे कायमचे जातात. तिचा मेल दोन दिवसांपूर्वीचा होता, वरून नववा. त्याच्यावर आजच्या पासवर्डच्या तिन्ही लिंका ओळीनं पडलेल्या होत्या. त्रुटी अशी होती की दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांच्या नावात एक अक्षर जास्त होतं आणि रहिवासी दाखल्यावर ते नव्हतं. दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं स्वतःच्या सहीचं निवेदन आणि वडिलांच्या आधार कार्डाची प्रत जोडायची होती. दहा मिनिटांचं काम. फक्त आधार कार्ड वडिलांच्या खिशात होतं आणि वडील रस्त्यावर.

तिनं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"अब्बा, कां हैं?"

"शहागड में. टायर बदल रहा हूं. क्या हुआ?"

"आधार का फोटो भेजो. अब्बी के अब्बी."

"हात काले हैं बेटा, ग्रीस लगा है."

"काले हात से भेजो!"

फोटो आला. गोदावरीच्या पुलाजवळच्या उन्हात काढलेला, स्वच्छ, अक्षर न् अक्षर दिसत होतं. फक्त ज्या अक्षराचा सगळा वाद होता, नेमकं त्याच्यावर तिच्या वडिलांचा काळा अंगठा होता.

"अब्बा, अंगूठा!"

"अंगूठा भी चाहिए क्या उनको?"

सेंटरवाला टेबलावर डोकं ठेवून हसत होता. मलाही हसू आलं आणि त्याच क्षणी लाज वाटली, कारण माझ्यामुळं तो माणूस रस्त्याच्या कडेला एका हातात पाना आणि एका हातात कार्ड धरून उभा होता. दुसरा फोटो बराबर आला. निवेदन तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं. मी मजकूर सांगायला लागलो तर म्हणाली, "मला येतं." आणि खरंच आलं. चार ओळी. माझ्या पत्रकातल्या कुठल्याही चार ओळींपेक्षा नीट होत्या.

तेवढ्यात तास संपला. मघाच्या लिंका बंदीच्या तासात उघडत नव्हत्या आणि आता त्यांची मुदत संपली होती, म्हणून आम्ही नवी मागवली. नियम मी तोपर्यंत काढून टाकला होता. ती इनबॉक्समध्ये आली. आधारचा फोटो फार मोठा म्हणून साइटनं परत केला, सेंटरवाल्यानं तो लहान केला. अडीच वाजता अर्ज पुन्हा दाखल झाला. दाखल झाल्याचा मेलही आला, आणि त्याच्याखाली तेच वाक्य होतं, की या मेलला उत्तर देऊ नका.

घरी आल्यावर मी खालांना सगळं सांगितलं. कार्यालयानं मेल पाठवला होता, मीच तो कचऱ्यात टाकत होतो. त्यांनी माझ्याकडं बघत विचारलं, "गुस्से में किया?" मी हो म्हणालो. "गुस्सा तेरा था," त्या म्हणाल्या, "नुकसान मेरी लडकी का होता."

ग्रुपवरचं पत्रक मी गुपचूप पुसलं नाही. त्याच्याच खाली दुसरं लिहिलं, की पहिल्यातला आरोप खोटा आहे, चूक माझी आहे, कशी झाली ते हे असं. खाली नाव-पत्ता. मग दोन दिवस मी ज्यांच्या ज्यांच्या अर्जावर माझा मेल होता त्या प्रत्येक दारात गेलो. बहुतेकांचं निभावलं होतं, कारण निरोप मोबाइलवरही आले होते. एकाचं निभावलं नव्हतं. वनरक्षकाच्या परीक्षेचं त्याचं प्रवेशपत्र तीन महिन्यांपूर्वी माझ्या कचऱ्यातून कायमचं गेलं होतं, आणि तो इतके दिवस समजत होता की आपला अर्जच बाद झाला. त्यानं मला शिवी दिली नाही. दार लावून घेतलं. त्याच्या दारात मी अजून दोनदा गेलो आहे. पुन्हा जाईन.

माझं तत्त्व मी सोडलेलं नाही. ज्या कार्यालयाला माणसाशी बोलायचं आहे त्यानं माणसाचं उत्तर घेतलं पाहिजे, त्या मेलखाली एका जिवंत माणसाचं नाव आणि पत्ता पाहिजे. अशी मागणी मी त्या कार्यालयाकडं सहीनिशी लेखी केली आहे. पोच माझ्याकडं आहे. मात्र तत्त्व चालवायचं असेल तर ते स्वतःच्या दारात चालवावं. गल्लीच्या नळाला मी माझ्या रागाची तोटी बसवली होती आणि पाणी दुसऱ्यांचं तुटलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मेल आला. त्रुटी दूर झाली, अर्ज गुणवत्ता यादीसाठी ग्राह्य. मी धावतच समोर गेलो. तिनं माझ्या हातातून फोन घेतला, पूर्ण वाचला, आईला वाचून दाखवला, मग पुन्हा एकटीनं वाचला. खाला दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या, त्यांनी नुसता हात छातीवर ठेवला.

"चला भैया," मुलगी चप्पल घालत म्हणाली. "सेंटरवर."

"आता कशाला?"

"फॉर्मवर मोबाइल अब्बांचा, मेल तुमचा, पासवर्ड अंकलनी बनवलेला. माझं नुसतं नाव हाय त्याच्यात. आता यादी लागंल, कॉलेज मिळंल, सगळं त्याच्यावर येईल. माझा मेल पाहिजे."

"बिलकुल बराबर," खाला आतून म्हणाल्या.

सेंटरवाल्यानं तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि स्वतः कीबोर्डकडं हात नेला. तिनं त्याचा हात बाजूला केला. नाव तिनं टाकलं, जन्मतारीख तिनं टाकली. अर्जातला माझा पत्ता तिनं एकेक अक्षर मागं जात पुसला आणि तिथं स्वतःचा लिहिला. मी शेजारी उभा राहून बघत होतो. चुकलं तर सांगू असं मनात होतं, पण ती चुकली नाही. पासवर्डचा रकाना आला तेव्हा तिनं बोटं वर उचलली आणि मान वळवून आधी सेंटरवाल्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"अंकल, भैया," ती म्हणाली, "दोघंबी तोंड तिकडं करा."

आम्ही दोघांनी रस्त्याकडं तोंड केलं.